चौधरी सरांचा पाचवा क्रमांक

मार्चचा दुसरा रविवार, सकाळी अकरा. स्थळ: लीड्स, चर्चमागचा कम्युनिटी हॉल; दोनपैकी एक हीटर चालू. हजर: अध्यक्ष डॉ. श्रीकांत कर्णिक, त्यांचा मुलगा आणि आमचा कर्णधार निखिल, मैदान आणि पंचगिरी सांभाळणारे स्टीव्ह, संघातले चौदा खेळाडू आणि त्यांतल्या काहींचे आईवडील, आमच्या जर्सीवर आपलं नाव टाकावं की नाही हे ठरवायला आलेले एका घरभाड्याच्या एजन्सीचे गृहस्थ, कोटाखाली नर्सचा गणवेश घातलेल्या सुनंदा चौधरी, त्यांचे यजमान दिगंबर चौधरी, ज्यांना सगळे सर म्हणत, आणि सचिव, म्हणजे मी. गैरहजर: कोणी नाही.

ही यादी गेल्या वर्षीच्या इतिवृत्तातली आहे. 'गैरहजर: कोणी नाही' असं लिहायची संधी मला वर्षातून एकदाच मिळायची, ती या सभेला. वार्षिक सभेला निम्मे येतात, मैदान साफ करायला चौघं येतात. मार्चमध्ये सगळे यायचे, कारण त्या दिवशी सर अंदाज वाचायचे.

आमचा क्लब बेसबॉल खेळतो. पुण्यातल्या माझ्या बहिणीला हे अजून पटत नाही. "इंग्लंडात राहून बेसबॉल? तिथलं क्रिकेट संपलं का?" असं ती अधूनमधून विचारते. इंग्लंडच्या उत्तर भागात रविवारी हौसेनं बेसबॉल खेळणारे संघ आहेत आणि आमच्या गटात पाच आहेत, एवढंच मी तिला सांगते. एप्रिल ते ऑगस्ट सामने चालतात. पाचही संघ इतके तोडीस तोड की पहिल्या आणि शेवटच्यात बहुतेक वर्षी दोन-तीन सामन्यांचाच फरक पडतो. पाचवा येईल तो खालच्या गटात जातो. त्यामुळे मोसमाच्या आधी प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर देणारा आमच्याकडे एकच माणूस होता.

सर साठीच्या जवळ आलेले, बुटके, काळेसावळे. इस्त्रीची पँट, आणि तिच्याखाली पांढरे कॅन्व्हासचे बूट. ते बूट ते दर शनिवारी पांढरे करत आणि दर रविवारी यॉर्कशरच्या चिखलात घालून येत. मी एकदा म्हटलं, "सर, काळे घ्या ना, धुवायचा त्रास नको." ते म्हणाले, "मॅडम, पीटीच्या मास्तरचे बूट काळे असले तर पोरं आधी त्यालाच हसतात."

भुसावळजवळच्या एका शाळेत ते तीस वर्षं खेळ शिकवत होते. इकडच्या लोकांना ठाऊक नसतं, पण जळगाव, अमरावतीकडच्या शाळांमधून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल जोरात चालतो, आणि मुली त्यात मुलांच्या पुढे असतात. सरांच्या शाळेकडे एकूण नऊ ग्लोव्ह्ज होते. त्यामुळे एक संघ मैदानातून बाहेर आला की हातातले ग्लोव्ह्ज काढून समोरच्या मुलींच्या हातात द्यायचा आणि मग बॅटिंगला जायचा. सर म्हणत, "दुसऱ्याच्या घामाचा ग्लोव्ह घातला ना, की भांडण होत नाही."

अंदाज लिहायची सवय त्यांना तिथेच लागली, आणि तिचं कारण ऐकलं तेव्हापासून मी ते विसरलेले नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेला मुलींना घेऊन जायचं म्हणजे त्यांच्या वडिलांची परवानगी लागायची. प्रत्येक बाप एकच विचारायचा: पोरगी घरी कधी येणार? पहिल्या फेरीत हरल्या तर त्याच संध्याकाळी. जिंकत गेल्या तर चौथ्या दिवशी. म्हणून सर आधी सायकलवरून आणि मग एसटीनं फिरून बाकीच्या शाळांचे संघ बघून यायचे, आणि प्रत्येक बापाला नेमका दिवस सांगायचे. एका वर्षी त्यांनी भरात येऊन चार दिवस सांगितले. संघ पहिल्याच सामन्यात हरला, मुली त्या संध्याकाळी परत आल्या, आणि उरलेले तीन दिवस सर पोरींना कुठे ठेवणार होते, असं एका वडिलांच्या मनात काय काय आलं कोण जाणे. संघातली सगळ्यात जोरात फेकणारी ती मुलगी पुन्हा मैदानावर आली नाही.

"तेव्हापासून मी आशा लिहीत नाही," सर म्हणाले. "दिसलं तेवढंच लिहितो."

सुनंदाताईंना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि सर त्यांच्याबरोबर आले. इथे त्यांना काम मिळालं ते हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत. तिथला सुपरवायझर त्यांच्या निम्म्या वयाचा; दिगंबर म्हणता येत नाही म्हणून त्यांना 'डिग' म्हणे. सर त्याबद्दल कुरकुर करत नसत. पण सुनंदाताई एकदा मला म्हणाल्या, "अहो, तिकडं बाजारात भाजी घ्यायला गेले तरी चार जण थांबवून विचारायचे, सर, यंदा काय होईल? इथं आठवडाच्या आठवडा जातो, त्यांना कोणी काही विचारत नाही."

आमच्याकडे ते आले तेही अपघातानंच. लीड्समधल्या राउंडहे भागात आमचा सराव चालला होता. कुंपणापलीकडे हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी घेतलेला एक माणूस बराच वेळ उभा होता. निखिल तेव्हा एकोणीस-वीसचा, आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. बेसबॉलमध्ये सगळा डाव पिचरच्या हातावर चालतो, आणि निखिलचा हात चांगला होता. कुंपणापलीकडून आवाज आला, "भो, तुझा पुढचा पाय आधी उघडतोय!"

"सॉरी, अंकल?"

"पाय. पाय आधी, मग खांदा ओढला जातो. असा." आणि त्या माणसानं मेथीची पिशवी खाली ठेवून, कोट न काढता, फुटपाथवर ती फेक करून दाखवली. निखिलनं पाय बदलला. पुढचा चेंडू कॅचरच्या ग्लोव्हवर असा आदळला की स्टीव्ह हातातलं फावडं सोडून बघायला आले.

"हू इज दॅट?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी मी त्यांचं नाव यादीत घातलं.

पहिल्याच हिवाळ्यात सर म्हणाले, "बाकीचे चार संघ बघून येतो." आम्हाला वाटलं, गंमत करतायत. ते खरोखर गेले. जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांचे सराव शाळांच्या हॉलमध्ये चालतात. सर लाँड्रीतली सकाळची पाळी संपवून ट्रेननं किंवा लांब पल्ल्याच्या बसनं जायचे. बरोबर घडीचं स्टूल, थर्मास, आणि डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. संघांची खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली: मँचेस्टरचे ट्रामवाले, शेफील्डचे पोलादवाले, हलचे गोदीवाले आणि यॉर्कपलीकडचे शेतवाले. काही वर्षांत आमची इथे जन्मलेली मुलंसुद्धा 'धिस संडे, गोडीवाले' म्हणू लागली.

एकदा मी त्यांच्याबरोबर हलला गेले. मला वाटलं होतं, ते धावा, वेग, असलं काही मोजत असतील. ते चेंडूकडे बघतच नव्हते. खेळाडू बूट कसे घालतात, पाणी प्यायला कोण कोणाबरोबर जातं, चुकल्यावर कोण कोणाकडे बघतं, असलं बघत होते. सराव संपल्यावर मी उठले तर म्हणाले, "बसा मॅडम. खरं आता सुरू होतं. सामान कोण उचलतं बघा."

गोदीवाल्यांच्या कर्णधारानं त्यांना कोणाचे तरी आजोबा समजून चहा आणून दिला. बोलता बोलता त्याला कळलं की हे आजोबा दुसऱ्याच संघाचे आहेत. तो हसला आणि म्हणाला, मग आमचं काय चुकतंय तेही सांगा. सरांनी सांगितलं. सगळं, हातवारे करून, जिथे इंग्रजी अडलं तिथे मला मध्ये घालून. ते निखिलला कळलं तेव्हा तो भडकलाच: "सर, यू टोल्ड देम? ते आपले एनिमी आहे!"

"विचारलं त्यानं," सर म्हणाले. "विचारल्यावर सांगायचं नाही, असं कुठं असतं का भो?"

त्यांचा अंदाज दोन पानांचा असायचा, चौकटीच्या वहीवर, मराठीत. पहिल्या वर्षी त्यांनी तो मराठीतच वाचला आणि निम्म्या सभेला काही कळलं नाही. तेव्हापासून पद्धत ठरली. सर लिहून माझ्याकडे देणार, मी इंग्रजी करून टाईप करणार, एक प्रत शिस्तीप्रमाणे आधी अध्यक्षांना पाठवणार, आणि सभेत सर ती छापील पानं हातात घेऊन सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचणार. मी छापलेलं त्यांनी आधी कधी वाचून पाहिलं नाही. मी म्हणायचे, "सर, एकदा नजर टाका." ते म्हणायचे, "तुम्ही केलंय ना? मग बघायचं काय?"

मजकूर असा असे: ट्रामवाले पहिले, कारण सरावानंतर त्यांचा कर्णधार स्वतः पिशव्या उचलतो आणि नवी पोरं ते बघतात. शेतवाले चौथे, एप्रिलभर मेंढ्या वितात, त्यांचे दोन चांगले खेळाडू गोठ्यात असतील, आणि तेव्हा गेलेले सामने ऑगस्टमध्ये परत येत नाहीत. गोदीवाल्यांचं सांगता येत नाही. कॅचरचं मे महिन्यात लग्न आहे आणि होणारी बायको सरावाला येऊन घड्याळाकडे बघते. हॉलमध्ये हशा व्हायचा. सर हसत नसत. ते त्या कॅचरबद्दल गंभीर असत. आणि ऑगस्टमध्ये क्रमवारीचं पत्रक लागलं की लोक मार्चची पानं शोधून काढत. एखादी जोडी वरखाली झालेली असे, बाकी जिथल्या तिथे. आमच्याबद्दल लिहितानाही हात आखडता नसे. एकदा आम्हाला चौथं लिहिलं, आम्ही चौथे आलो. एकदा पहिलं लिहिलं, तेव्हा आमच्यापैकी कोणाचा विश्वास बसला नाही. आम्ही पहिले आलो.

त्या वीस मिनिटांत सर वेगळे दिसायचे. पाठ ताठ, आवाज मैदानाच्या पार जाईल असा. डॉक्टर कर्णिकसुद्धा, जे एरवी त्यांना नुसतं 'चौधरी' म्हणत आणि खुर्च्या लावायला सांगत, ते पुढच्या रांगेत बसून ऐकायचे. सुनंदाताई पाळी बदलून यायच्या.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी मला पानं दिली आणि म्हणाले, "यंदा जरा जड आहे." मी घरी जाऊन वाचली. ट्रामवाले पहिले, पोलादवाले दुसरे, गोदीवाले तिसरे, शेतवाले चौथे. आपण पाचवे.

खाली लिहिलं होतं: निखिलचा उजवा खांदा गेला आहे. तो कोणाला सांगत नाही. जॅकेट काढताना उजवी बाही शेवटी काढतो, आणि ती डाव्या हातानं ओढतो. गाडीच्या खिडकीतून पार्किंगचं तिकीट घ्यायला अख्खा वळून डावा हात बाहेर काढतो. त्यानं फेकलं तर हा खांदा जुलै बघणार नाही. त्याला यंदा फेकू देऊ नका, दुसऱ्या बेसवर उभा करा, तिथून फेक जवळची असते. आपण खाली जाऊ. खालून एका वर्षात वर येता येतं. खांदा वर येत नाही.

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं आणि प्रत डॉक्टरांना पाठवली. त्यांचा फोन अर्ध्या तासात आला.

"नीलिमा, हे काय आहे?"

"सरांचा अंदाज. तुम्हाला दरवर्षी पाठवते तसाच."

"हे असं जाणार नाही. फिफ्थ? स्पॉन्सर समोर बसलेला असताना आपणच सांगायचं की आपण रेलिगेट होणार? आणि निखिलच्या खांद्याचं काय लावलंय? मेमध्ये त्याची वरच्या संघाच्या सिलेक्शनची ट्रायल आहे. असलं काही लेखी फिरलं तर संपलंच."

"सरांनी पाहिलंय म्हणतात. तुम्ही एकदा निखिलला विचारा तरी."

"डॉक्टर मी आहे की चौधरी? चादरी धुणारा माणूस माझ्या मुलाचा खांदा सांगणार?" मग आवाज खाली आला. "हे बघ, त्याला दुखवायचं नाहीये. तू फक्त जरा सौम्य कर. तुला जमतं ते."

मला जमतं, हे खरं. माझी नोकरीच ती आहे. मोठ्या प्रकल्पांचे अहवाल मी रोज सौम्य करते. मी 'पाचवे'च्या जागी 'दुसरे' केलं, पोलादवाल्यांना खाली ढकललं, खांद्याच्या ओळी काढल्या आणि तिथे 'अनुभवी पिचिंग' असं घातलं. चार मिनिटं लागली. त्या आठवड्याच्या यादीत 'सरांना फोन करून कल्पना देणे' असं लिहिलं होतं. शुक्रवारी डिशवॉशरचा माणूस आला, शनिवारी हॉलची किल्ली आणायची होती. फोन राहिला. राहिला असं मी म्हणते, वेळ होता.

सभेत सर उठले, चष्मा लावला, पानं हातात घेतली. ट्रामवाल्यांचं वाचलं. लोक हसायच्या जागी हसले. मग पान उलटलं आणि बोट पुढे सरकता सरकता थांबलं.

"सेकंड," त्यांनी वाचलं. "अवर टीम. सेकंड."

पाठीमागे टाळ्या पडल्या. एजन्सीच्या गृहस्थांनी डॉक्टरांकडे बघून मान डोलावली. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत, हळू, विचारलं, "मॅडम, पान बदललं का?"

"सर, वाचा ना पुढे," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं मी. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, 'एक्सपिरिअन्स्ड पिचिंग' सकट. आवाज मात्र पुढच्या दोन रांगांच्या पलीकडे गेला नसेल. खाली बसण्याआधी ते निखिलकडे वळले. "भो, जॅकेट काढून दाखव बरं."

"सर?"

"चौधरी, बसा आता," डॉक्टर हसत म्हणाले. "चहा गार होतोय."

निखिल आपल्या वडिलांकडे बघत होता. त्यानं जॅकेट काढलं नाही. सर बसले. नंतर मी समोशांची ताटं फिरवत होते तेव्हा ते सिंकपाशी स्वतःचा कप धूत होते. सुनंदाताई कोटाची बटणं लावत माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "यंदा फार छान वाटलं हो. दुसरे येणार म्हणजे काय!" त्यांनी सरांचं हस्ताक्षरातलं वाचलेलं नव्हतं. सरांनी घरी काही बोलून दाखवलं नव्हतं.

भांडतील असं मला वाटलं होतं. भांडले असते तर मी उत्तरं तयार ठेवली होती. त्याच आठवड्यात, सोमवारी, सर डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर तो सहाला बंद होईपर्यंत दीड तास उभे राहिले, हे मला स्टीव्हकडून कळलं. डॉक्टर बाहेर आले, "अपॉइंटमेंट घ्या" म्हणाले आणि गाडीत बसले.

एप्रिलपासून सर सामन्यांना आले, पण आमच्या बाकावर नाही. पलीकडच्या बाजूला, प्रतिस्पर्ध्यांच्या मागे, स्टुलावर. प्रत्येक फेकीला त्यांचा स्वतःचा उजवा खांदा किंचित वर जायचा. मेच्या ट्रायलमध्ये निखिलची निवड झाली नाही. त्यानंतर त्यानं जास्तच जोर लावला. जूनच्या दुसऱ्या रविवारी, शेतवाल्यांविरुद्ध, त्यानं फेकलेला चेंडू कॅचरपर्यंत पोचलाच नाही. मध्येच गवतात पडला. निखिल खाली बसला, आणि डाव्या हातानं उजवा हात असा धरला, जसं काही तो दुसऱ्या कोणाचा असावा. सर सगळ्यांत आधी त्याच्यापाशी पोचले. डॉक्टर पोचले तेव्हा म्हणाले, "प्लीज, जरा बाजूला व्हा." सर बाजूला झाले.

आम्ही पाचवे आलो. ट्रामवाले पहिले, पोलादवाले दुसरे, गोदीवाले तिसरे, शेतवाले चौथे. चौकटीच्या वहीवर होतं ते सगळं तसंच. ती पानं माझ्याकडे, स्वयंपाकघरातल्या खणात होती. दुसऱ्या कोणी ती पाहिली नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी आमचं बार्बेक्यू असतं. सरांना यायचं नव्हतं, पण सुनंदाताईंना यायचं होतं. स्टीव्ह मनानं फार चांगला माणूस. बीअरचा ग्लास उंचावून ते म्हणाले, "यू हॅड अस सेकंड, मिस्टर सी! व्हॉट हॅपन्ड?" सगळे हसले. डॉक्टर निखाऱ्यांपाशी उभे होते. ते म्हणाले, "अरे, होतं असं. या वर्षी चौधरींचा अंदाज साफ चुकला." आणि त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कणसं मोजत होते. बत्तीस माणसं, तीस कणसं. मी मोजतच राहिले.

निखिलनं मला एकदा विचारलं होतं. ऑपरेशननंतर मी फळं घेऊन गेले होते. हात पट्ट्यात बांधलेला, दाढी वाढलेली. "आंटी, सरांनी खरंच सेकंड लिहिलं होतं? मला वाटलं होतं, त्यांनी माझी खांदा बघितली आहे. ही ऑल्वेज बघतात."

"तू आता विश्रांती घे," मी म्हटलं.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी दुपारी सरांनी माझ्या दाराची घंटा वाजवली. हातात क्लबचं जॅकेट, धुतलेलं, इस्त्री केलेलं, हॉस्पिटलच्या चादरीसारखी चौकोनी घडी घातलेलं. सुनंदाताईंना एडिनबरात वरची जागा मिळाली होती, आठ दिवसांत ते निघणार होते.

"आत या ना सर."

"नको मॅडम, बूट ओले आहेत."

"चहा तरी..."

"निखिल कसा आहे?"

"खांदा बरा होतोय. पण पूर्वीसारखं फेकता येणार नाही म्हणतात."

"दुसऱ्या बेसवर चांगला उभा राहील तो," ते म्हणाले. "पाय चांगले आहेत त्याचे. सांगा त्याला, मी सांगितलंय म्हणून."

"सांगते."

"आणि एक काम होतं. मार्चच्या इतिवृत्तात माझ्या नावापुढे आपण दुसरे असं आहे. तेवढं दुरुस्त करा."

"सर, तेव्हा परिस्थितीच तशी..."

"परिस्थिती नको मॅडम." त्यांनी मला कधी मध्येच तोडलं नव्हतं. "चुकीचं मी लिहिलं असतं तर राहू दिलं असतं. मी पाचवा म्हणालो होतो. पोराचा खांदाही लिहिला होता. उद्या तो म्हणेल, सर बघत होते आणि बोलले नाहीत. एक ओळ लिहा."

"कमिटीपुढे ठेवावं लागेल," मी म्हटलं.

"ठेवा," ते म्हणाले आणि वळले.

बसस्टॉप आमच्या घरासमोरच आहे. रविवारी बस कमी. मी जॅकेट हातात घेऊन खिडकीशी उभी होते. पाऊस बारीक होता, पण सरळ अंगावर येणारा. सर त्या छोट्या छपराखाली उभे राहिले. मग एक बाई बाबागाडी घेऊन आली तसे ते बाहेर पावसात सरकले. वीस मिनिटं तरी उभे होते. गाडीची किल्ली माझ्यासमोर दारामागच्या खिळ्याला होती, आणि त्यांचं घर दहा मिनिटांवर. बस आली तेव्हा त्यांनी आधी बाबागाडी वर चढवून दिली, मग स्वतः चढले. बूट पांढरे होते. त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही.

जानेवारीच्या सभेत मी विषय ठेवला, अगदी शेवटी. डॉक्टर म्हणाले, "आता ते उकरून कोणाचं भलं होणार आहे?" स्टीव्हनी विचारलं, काय आहे ते. मी म्हटलं, टायपिंगची एक जुनी चूक. विषय पुढे ढकलला.

येत्या रविवारी मार्चची सभा आहे. आम्ही आता खालच्या गटात आहोत. अंदाज कोण वाचणार हे ठरलेलं नाही. आतापर्यंत सहा जणांनी येत नसल्याचं कळवलंय. हॉल घेतला, किल्ली आणली, बिस्किटं आणली, स्टीव्हना हीटरचं सांगितलं. निखिलला सरांचा निरोप सांगायचा राहिला आहे, कारण तो सांगितला की तो पुढचा प्रश्न विचारेल. इतिवृत्त मीच लिहिते. त्यात एक ओळ घालायला मला कोणाची परवानगी लागत नाही, हे मला नोव्हेंबरातही माहीत होतं. मनात ओळ तयार आहे: 'गेल्या मार्चच्या सभेत वाचला गेलेला अंदाज श्री. दिगंबर चौधरी यांचा नव्हता. त्यांनी आपला संघ पाचवा येईल असं आणि कर्णधाराच्या खांद्याबद्दल लेखी कळवलं होतं. तो मजकूर सचिवांनी बदलला.' काल संध्याकाळी येत्या सभेच्या इतिवृत्ताची फाईल उघडली, तारीख घातली, हजर असणाऱ्यांची नावं पुन्हा एकदा तपासली आणि फाईल बंद केली. ओळ लिहायची आहे.